जिप्सीचे स्टिअरिंग थरथरत असेल तर डॅम्परआधी किंगपिन तपासा

मारुती जिप्सीला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असतात, त्यामुळे एका चाकाला बसलेला हादरा टायरॉडमार्गे (दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्यातून) दुसऱ्या चाकात जातो आणि साठ-सत्तरच्या वेगाला एखाद्या खड्ड्यानंतर सुरू झालेली थरथर गाडी जवळजवळ थांबेपर्यंत सुटत नाही. अशा वेळी जोरात ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग घट्ट धरावे आणि वेग उतरू द्यावा.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे नवा स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगला लावलेला शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बसवण्याचा, आणि तो चुकीचा आहे. डॅम्पर थरथर दाबतो, तिचे कारण काढत नाही. मी दोन डॅम्पर बदलले. प्रत्येक वेळी काही महिने बरे गेले आणि तेवढ्या काळात किंगपिनची (ज्या खुंट्यांवर पुढची चाके वळतात त्यांची) बेअरिंगे आणखी झिजली.

चाकांचे बॅलन्सिंग आणि टायरची हवा पाहून घ्यावी. मग गाडी जमिनीवर उभी असताना कोणाला तरी स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगून टायरॉड एंड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) आणि पाट्यांच्या बुशांवर हात ठेवावा. जिथे खुळखुळ जाणवेल तो भाग बदलावा. स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून ढिलाई लपवू नये.

आता किंगपिन. एक चाक जॅकवर उचलून, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावून, टायर वर आणि खाली धरून हलवावा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवावा: खेळ नाहीसा झाला तर दोष हब बेअरिंगचा (चाक ज्यावर फिरते त्याचा), तसाच राहिला तर किंगपिनचा. ही ब्रेकची चाचणी मला ठाऊक नव्हती, म्हणून मी चांगली हब बेअरिंगे उगाच बदलली.

वरच्या आणि खालच्या किंगपिनच्या शिम (पातळ चकत्या) काढल्या की बेअरिंगवरचा दाब वाढतो, पण शिम अंदाजाने काढणे हीच सर्वांत मोठी चूक आहे. टायरॉड आणि ड्रॅग लिंक सोडवून, नकलमागचे (नकल म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा आधार) सील बाजूला करून (सीलचे घर्षण मोजमाप फसवते), टायरॉडच्या भोकात हूकवाला स्प्रिंगकाटा अडकवावा आणि काटकोनात ओढून नकल फिरू लागताना किती ओढ लागते ते पाहावे. ती सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेत येईपर्यंत एकेक पातळ शिम काढावी, आणि तीही वरून व खालून सारखीच, नाहीतर नकल मध्यावरून सरकते. दाब जास्त झाला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. तेही तितकेच धोक्याचे आहे. हाताने नकल फिरवताना सरळ स्थितीपाशी ती अडकल्यासारखी वाटली तर बेअरिंगच्या वाटीत खळगे पडलेले असतात, आणि मग शिमचा उपयोग नाही. बेअरिंगे वाट्यांसकट नवी घालावी.

गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल (पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या पट्ट्या) लावले असतील तर कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला असतो. तो पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामधल्या पाचरींनी भरून काढावा.

शेवटी टो-इन (चाके पुढच्या बाजूला किती आत वळलेली आहेत ते) मोजून घ्यावा, आणि डॅम्पर गळत असेल तर तो आता बदलावा.