घरी गाडी रंगवताना धूळ बसू नये म्हणून

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये गाडीला स्प्रेने रंग मारला की ओल्या रंगावर धूळ बसते आणि सुकलेला पत्रा हाताला खरखरीत लागतो. यासाठी आदल्या संध्याकाळी गॅरेज झाडून घ्यावे आणि रंगाच्या आधी फरशीवर डबकी साचणार नाहीत इतकेच पाणी शिंपडावे, म्हणजे पायांनी किंवा स्प्रेच्या वाऱ्याने धूळ उडत नाही. मग पत्रा धूळ टिपणाऱ्या चिकट कापडाने हलक्या हाताने पुसावा. दाबून पुसल्यास कापडाचा चिकटपणा पत्र्यावर उतरतो. पारा ४० अंशांपुढे जातो त्या दिवसांत काम सकाळीच उरकावे, कारण दुपारी रंगाचे थेंब पत्र्यावर पसरण्याआधीच सुकू लागतात. कंप्रेसरची वायर मात्र ओल्या फरशीवरून कधीही नेऊ नये.