जुन्या पिकअपचा हँडब्रेक: केबल आवळण्याआधी या चुका टाळा

नागपूर सपाट आहे आणि इथल्या जुन्या गाड्यांचे हँडब्रेक त्यामुळेच निकामी होतात. वाडीपासून पारडीपर्यंत, कळमन्यापासून हिंगण्याच्या एमआयडीसीपर्यंत दिवसभर माल पोचवला तरी हँडब्रेक ओढावाच लागेल असा चढ क्वचितच येतो. ड्रायव्हर गाडी गियरमध्ये टाकतो आणि उतरतो. केबल वर्षानुवर्षे जागची हलत नाही. पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरतं, ४५ अंशांच्या उन्हात तिच्यावरचं रबर तडकतं. मग गाडी विकायला निघते आणि विकणारा म्हणतो, "हँडब्रेक कायले लागते भाऊ, गियरमंदी टाकून द्याची!"

लागतो. काटोल-वरुडकडून संत्री भरून आलेली गाडी कळमन्यात उभी असते, मागे हमाल क्रेट उतरवत असतात. तेव्हा ती फूटभर जरी सरकली तरी कुणाचा तरी पाय चाकाखाली जाऊ शकतो. कायद्यालाही गियर चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९६ वा नियम पायाच्या ब्रेकशिवाय स्वतंत्र पार्किंग ब्रेक, म्हणजेच हँडब्रेक, मागतो. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीची फिटनेस तपासणी तर दरवर्षी करावी लागते, म्हणजे हा प्रश्न दरवर्षी समोर येणारच.

खाली लिहिलंय ते मुख्यतः टाटा एस किंवा बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांबद्दल, ज्यांचा हँडब्रेक केबलने मागच्या ड्रममधले शू ओढतो. ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारं लोखंडी भांडं, शू म्हणजे त्याला आतून दाबून चाक धरणारे अर्धगोल तुकडे. हवेच्या ब्रेकच्या मोठ्या ट्रकचं शेवटी पाहू.

सगळ्यात मोठी चूक: नट आवळून मोकळं होणं

लीव्हर पार वरपर्यंत येतो, गाडी थांबत नाही. मग मिस्त्री गाडीखाली जातो, केबलचा नट आवळतो आणि पाच मिनिटांत "झालं" म्हणतो. लीव्हर आता कडक लागतो, गिऱ्हाईक खूश. पण आजार केबलमध्ये नव्हताच. लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, झिजल्यामुळे शू आणि ड्रम यांच्यातलं अंतर वाढलं होतं. केबल आवळल्यावर शूच्या मागचा छोटा लीव्हर कायम अर्धवट ओढलेला राहतो. ज्या गाड्यांत शू आपोआप ॲडजस्ट होतात, तिथे ती यंत्रणा त्यामुळे अडकून बसते. अंतर वाढतच जातं. पुढच्या खेपेला नट आणखी आवळला जातो, शेवटी त्याचे आटे संपतात. किंवा उलटं होतं: शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, डिझेल जास्त जळतं, चाकाजवळ करपट वास येतो.

क्रम नेमका उलटा हवा. आधी केबल पूर्ण सैल करा. मग ड्रमच्या आत शूचं ॲडजस्टमेंट करा: ॲडजस्टरची दातेरी चक्री फिरवत चाक हलकं घासेपर्यंत आणा, मग थोडी मागे घ्या. दोन्ही बाजूंना सारखंच. ब्रेक पेडल दोन-चारदा दाबून शू मध्यावर बसू द्या आणि पुन्हा तपासा. केबलला हात लावायचा तो यानंतर. किती "खट" आवाजांत हँडब्रेक लागावा हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ऐकीव आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. लीव्हर खाली सोडल्यावर दोन्ही मागची चाकं हाताने मोकळी फिरायलाच हवीत.

जॅक लावताना गियरवर भरवसा

इथे जीव जातात, म्हणून सावकाश वाचा. मागचं एक चाक उचललं की गाडी गियरमध्ये असूनही घरंगळू शकते. जमिनीवरचं चाक एका दिशेने फिरायला लागलं की डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गियरपेटी) उचललेल्या चाकाला उलट फिरू देतो आणि इंजिनची पकड सुटते. हँडब्रेक तर दुरुस्तीलाच काढलाय. म्हणजे गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. सपाट, पक्की जागा बघा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडाचे ठोकळे लावा, विटा नकोत, त्या फुटतात. मागचा एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला आडवा दांडा, मजबूत स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका, "दोन मिनिटांचं काम" असलं तरी.

ड्रम निघत नाही म्हणून घण

बंद पडून राहिलेल्या गाडीचा ड्रम सहज निघत नाही. ड्रमच्या आतल्या काठाला झिजून कड आलेली असते आणि शू तिच्यामागे अडकतात. ड्रममागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढा, स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टर सैल करा, मगच ओढा. बऱ्याच ड्रमना दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत बोल्ट टाकून दोन्हीकडून थोडं थोडं आवळलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. ओतीव लोखंडाच्या काठावर घण घातला तर चीर जाते, आणि ती नंतर तापलेल्या ड्रममध्ये वाढते.

आतली काळी भुकटी कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. साबणाच्या पाण्याने ओली करून पुसून घ्या.

भिजलेले लायनर पेट्रोलने धुणं

ड्रम उघडल्यावर आधी नाकाचा वापर करा. ब्रेक ऑइलचा वास आणि व्हील सिलिंडरच्या (शू ढकलणाऱ्या छोट्या पंपाच्या) रबराखाली ओल दिसली, तर गळती तिथे आहे. जड, उग्र वासाचं काळपट तेल असेल तर ते एक्सलच्या ऑइल सीलमधून आलेलं गियर ऑइल आहे. दोन्हीत आधी गळती थांबवा. भिजलेला लायनर पेट्रोलने धुवून, सॅंडपेपरने घासून किंवा आगीवर तापवून पुन्हा बसवलेला मी अनेक ठिकाणी पाहिलाय. वरून कोरडा दिसतो, पण तेल आत मुरलेलं असतं. ड्रम तापला की ते पुन्हा पृष्ठभागावर येतं. लायनर बदला, आणि एकाच एक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो. त्यापेक्षा जास्त झिजलेला ड्रम लेथवर घासायला देण्यात अर्थ नाही.

स्प्रिंगांचा फोटो आधीच काढून ठेवा आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

गंजलेल्या केबलला तेल पाजणं

केबल चाकाकडून सोडवा आणि हाताने ओढून बघा. आत-बाहेर सहज सरकायला हवी. अडखळत असेल, तारा तुटलेल्या असतील किंवा वरचं आवरण फाटलं असेल तर नवी घ्या. फवाऱ्याचं तेल मारल्यावर ती दोन दिवस सुटी वाटते, पण आतलं ग्रीस धुऊन जातं आणि पहिल्या पावसात पुन्हा जाम होते. मग हँडब्रेक लागतो पण सुटत नाही. ग्रीस लावायचंच तर ड्रममागच्या प्लेटवर शू जिथे घासतात त्या उंचवट्यांवर, उष्णता सहन करणारं, बोटाने पुसल्यासारखं पातळ. लायनरवर त्याचा ठिपकाही नको.

नवे लायनर ड्रमवर बसायला थोडा वेळ घेतात, म्हणून काही दिवसांनी पुन्हा ॲडजस्ट करावं लागतं. तपासणी चढावर करा, आधी रिकामी आणि मग भरलेली गाडी. गोदामाचा रॅम्प चालेल, सेमिनरी हिल्सकडचा मोकळा चढ चालेल, वाहता उड्डाणपूल मुळीच नाही. आणि पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, शू गंजून ड्रमला चिकटतात. ठोकळे लावा आणि गियरमध्ये ठेवा.

मोठा ट्रक: स्प्रिंग चेंबर उघडू नका

हवेच्या ब्रेकमध्ये पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही. हवा सोडली की चेंबरमधली, म्हणजे चाकाजवळच्या गोल डब्यातली, ताकदवान स्प्रिंग तो लावते. त्या चेंबरची पकडपट्टी खोलली तर दाबलेली स्प्रिंग झाकणासकट उडते आणि समोरच्या माणसाला वाचायची संधी देत नाही. हे काम रस्त्यावर होत नाही, पूर्ण चेंबर बदलून घ्या. दुसरा प्रकार जुने ट्रक विकताना दिसतो. हवा गळते म्हणून स्प्रिंग बोल्टने कायमची दाबून ठेवतात आणि ट्रक तसाच चालवतात. असा ट्रक बघायला गेलात तर मागच्या एक्सलपाशी वाका. चेंबरच्या मागून लांब बोल्ट बाहेर आलेला दिसला, तर त्या चाकाला सध्या पार्किंग ब्रेकच नाही. सौदा ठरण्याआधी विकणाऱ्याकडून चेंबर बदलून घ्या.