जेवताना मोबाईल: आधी एकाच वेळचा सोडवा

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२१ च्या सूचनेनुसार मुलांना दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको (अधूनमधून नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल चालेल), दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास. पण एकदम सगळं बंद केलं की घरात रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी आजीच फोन काढून देते. म्हणून आधी फक्त सकाळचा नाश्ता मोबाईलशिवाय. मूल दोन घास कमी खाईल, खाऊ द्या. पुढच्या खाण्यापर्यंत मध्ये बिस्किटं मात्र नकोत. खरी गफलत तिथेच होते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात १२ ते ५ बाहेर सोडता येत नाही, अवघड वेळ हीच. दोन खुर्च्यांवर सोलापुरी चादर टाकून घर करून द्या, भाकरीच्या पिठाचा गोळा थापायला द्या. शेंगा सोलायला नकोत, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

दाखवायचंच तर टीव्हीवर, ऑटोप्ले (पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं) बंद करून. गोष्ट अर्ध्यात तोडू नका, संपली की बंद. आजोबांच्या फोनलाही लॉक हवा!