नव्या चादरीचा रंग जातो का? आधी कोपऱ्यावर बघा

लाल, मरून किंवा गडद निळी नवी सुती चादर पहिल्याच धुण्यात बाकीचे कपडे रंगवू शकते.

धुण्याआधी चादरीचा एक कोपरा ओला करून त्यावर पांढरं फडकं जोरात चोळा. फडक्याला रंग लागला तर चादर एकटीच, थंड पाण्यात धुवा. पाणी नितळ येईपर्यंत दर वेळी वेगळीच. भिजत ठेवू नका. पिळली की लगेच सावलीत उलटी वाळत घाला, कारण ओली चादर बादलीत तशीच राहिली तर तिचाच रंग तिच्या पांढऱ्या नक्षीवर उतरतो. मिठाने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, त्यावर विसंबू नका.

दुसऱ्या कपड्याला रंग लागलाच तर तो वाळू देऊ नका, इस्त्री तर मुळीच नको. ओला असतानाच पुन्हा धुवा.