झटपट रामेन: पाण्याच्या मापाने बदलणारे प्रकार

भारतीय घरांत १९८०च्या दशकापासून मॅगी रुळली आणि तिच्याबरोबर पाणी आटेपर्यंत नूडल्स शिजवण्याची रीतही रुळली. जपानी किंवा कोरियन रामेनचे पाकीट त्याच रीतीने शिजवले, तर पदार्थ खारट आणि गिचका होतो, कारण त्यातील मसाल्याची पुडी भरपूर रस्सा होईल अशा हिशेबाने भरलेली असते. पाणी किती घ्यायचे, ते ठेवायचे की निथळायचे आणि भांडे आचेवरून केव्हा उतरवायचे, एवढ्या तीन गोष्टी बदलल्या की एकाच पाकिटातून अगदी वेगवेगळे पदार्थ तयार होतात.

मोमोफुकु आंदो यांनी १९५८ मध्ये जपानमध्ये ओसाकाजवळच्या इकेदा येथे तयार केलेल्या झटपट रामेनची कृती आजही मूलतः तीच आहे. नूडल्स आधी वाफवतात आणि मग तळतात. तळताना आतील पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि मागे असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. म्हणजे पाकिटातील वडी आधीच शिजलेली असते आणि आपण घरी करतो ते मुख्यतः तिला पुन्हा पाणी पाजण्याचे काम असते. हे ध्यानात ठेवले, तर नूडल्स जास्त वेळ उकळण्याचा मोह होत नाही. तळण्याऐवजी गरम हवेवर वाळवलेल्या नूडल्स मात्र पाणी सावकाश शोषतात आणि त्यांना एक-दोन मिनिटे अधिक लागतात.

रश्शाच्या रामेनसाठी पाणी मापूनच घ्यावे. कोरियन पाकीट साधारण १२० ग्रॅमचे असते आणि त्यावर सहसा ५०० ते ५५० मिलिलिटर पाणी सांगितलेले असते. पाण्याला खळखळून उकळी आली की वडी न मोडता आत सोडावी, मिनिटभराने उलटावी आणि मग चिमट्याने किंवा काट्याने हलकेच सुटी करावी. कोरियात शिजत असताना नूडल्स दोन-तीनदा वर उचलून वारा देण्याची पद्धत आहे, कारण त्यामुळे त्या चिवट राहतात असे मानले जाते. मसाला आधी घातल्यास पाण्याचा उत्कलनबिंदू वाढून नूडल्स लवकर शिजतात, असेही सांगतात. परंतु पुडीतील पाच-सहा ग्रॅम मिठाने अर्ध्या लिटर पाण्यात होणारी वाढ जेमतेम ०.२ अंश सेल्सियस असते, तेव्हा त्या कारणासाठी घाई करू नये. मसाला आधी घातला तर चव नूडल्समध्ये मुरते, शेवटी घातला तर सुगंध टिकतो. सांगितलेल्या वेळेच्या अर्धा मिनिट आधी गॅस बंद करावा, कारण वाडग्यातल्या गरम रश्शात नूडल्स आणखी नरम होतच राहतात.

अंडे घालायचे असेल तर शेवटच्या दीड मिनिटात ते कडेला फोडून सोडावे, झाकण ठेवावे आणि अजिबात ढवळू नये. अंडे फेटून धारेने सोडले तर रस्सा दाट होतो, पण त्याचा मूळ तिखटपणा बराच दबतो. वेगळे उकडलेले, आतून मऊ पिवळ्या बलकाचे अंडे हवे असल्यास ते उकळत्या पाण्यात साडेसहा ते सात मिनिटे ठेवून लगेच बर्फाच्या पाण्यात घालावे.

गॅस नसलेल्या वसतिगृहाच्या खोलीत वाडग्यात वडी ठेवून वर उकळते पाणी ओतावे आणि तीन मिनिटे झाकून ठेवावे. ही रीत फक्त बारीक नूडल्सना मानवते. जाड कोरियन नूडल्स अशाने आतून कोरड्या राहतात.

बिनरश्शाचे प्रकार मला अधिक आवडतात. इंडोनेशियातील मी गोरेंग या प्रकारात मसाला, तेल आणि गोडसर सोया सॉस आधी ताटलीत काढून ठेवतात, नूडल्स तीन मिनिटे उकळून पूर्ण निथळतात आणि गरम असतानाच त्यात कालवतात. रश्शासाठी बनवलेले साधे पाकीट असे करायचे असेल तर अर्धीच पुडी वापरावी. जपानी याकिसोबासारखे परतायचे असल्यास नूडल्स सांगितलेल्या वेळेच्या निम्माच वेळ उकळाव्यात, चाळणीत काढून थंड पाण्याखाली धराव्यात आणि नीट निथळू द्याव्यात. कढई चांगली तापली की कोबी, गाजर आणि कांद्याची पात मोठ्या आचेवर परतून मगच नूडल्स घालाव्यात. ओल्या नूडल्स घातल्या तर त्या परतल्या न जाता वाफाळतात आणि कढईला चिकटतात.

मलईदार रश्शासाठी वाडग्यात एक अंडे, चमचाभर मेयोनीज, किसलेली लसणाची पाकळी आणि मसाला एकत्र फेटावा, नूडल्सचे गरम पाणी त्यात थोडे थोडे ओतत ढवळत राहावे आणि शेवटी नूडल्स घालाव्यात. पाणी एकदम ओतल्यास अंडे फाटते. यात अंडे पूर्ण शिजत नसल्यामुळे लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्धांना हा प्रकार देऊ नये.

मिठाचाही विचार करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते आणि अनेक पाकिटांत एका वेळेलाच तेवढे मीठ असते. त्यातले बरेचसे रश्शात उतरते, म्हणून रस्सा सगळा न पिणे हा सोपा उपाय आहे. शाकाहारी वाचकांनी पाकिटावरील हिरवी खूण पाहावी. भाज्यांचे चित्र असलेल्या परदेशी पाकिटांतही गोमांसाचा किंवा माशांचा अर्क असू शकतो.

पाहुणे जमले असतील तर कोरियन युद्धानंतरच्या टंचाईत, अमेरिकी तळांवरच्या डबाबंद मांसातून घडलेला बुदे जिगे हा कोरियन रस्सा करावा. पसरट पातेल्यात किमची (आंबवलेली तिखट कोबी), सॉसेज, टोफू आणि मशरूम मांडून तिखट रस्सा ओतावा, तो टेबलावरच उकळत ठेवावा आणि सगळे बसल्यावरच नूडल्स घालाव्यात. नूडल्स रस्सा झपाट्याने पितात, म्हणून शेजारी गरम पाण्याची किटली असू द्यावी, आणि दुसरी वडी पहिली संपल्यावरच सोडावी.