लावायला साठ, पाणी घालायला तिघं: मंडळाची कामं वाटावी कशी

सोलापुरात जुलैत झाडं लावायला माणसं कमी पडत नाहीत. खरी गंमत एप्रिलमध्ये. पारा ४० च्या पुढं, नळाला पाणी काही दिवसांआड, आणि "करू की ओ" म्हणालेले फोन उचलत नाहीत. म्हणून आखणी उन्हाळ्यापासून उलटी करत या.

आधी काम एका वाक्यात लिहा. "वृक्षारोपण" एवढं पुरत नाही. "पुढच्या जूनपर्यंत ४० झाडं जगवायची" असं लिहा.

आता हिशेब. झाडाला १० लिटर म्हणजे २० लिटरच्या एका जारमध्ये दोन झाडं. ४० झाडांच्या एका फेरीला २० जार. एका माणसाच्याने पाच जार होतात, तेव्हा फेरीला चौघं हवेत. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर आठ पाळ्या. सोळा जण असतील तर प्रत्येकाची पाळी पंधरवड्यातून एकदाच येते. सोळा जण नसतील तर झाडं २० लावा. फोटोत कमी दिसतील, दिसू देत.

मग वाटणी. ग्रुपवर "कोण करेल?" विचारू नका. सगळे अंगठा दाखवतात, काम कोणाच्याच अंगावर पडत नाही. आमच्याकडे एकदा खड्डे तयार, रोपं तयार, माणसं जमलेली, आणि टँकर आलाच नाही. सात जणांना वाटलं होतं, आठव्यानं सांगितलं असेल. तेव्हापासून एका कामाला एकच नाव, शिवाय तो आजारी पडला तर उभा राहणारा एक जोडीदार. आणि विचारायचं फोन करूनच.

देताना काम अख्खं द्या. "रोपं घेऊन ये" म्हणालात तर दिवसभरात नऊ फोन येतील: कडुनिंब की करंज, केवढं, कितीला? त्यापेक्षा असं सांगा: "रोपांचं सगळं तुझ्याकडं. ४,००० रुपयांच्या आत, कमरेएवढी उंची, २० जूनपर्यंत. कुठून आणायची ते तूच ठरव." पैसे त्याच दिवशी हातात द्या, पदरचे घालायला लावलं की माणूस दुसऱ्यांदा येत नाही. आणि त्यानं करंज आणलं, तुम्हाला कडुनिंब हवा होता, तरी गप्प बसा. हे सगळ्यात अवघड, अध्यक्षांना तर फारच.

तारखा ठरवताना गाव बघा. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा बैठक लावाल तर खुर्च्याच येतील. मे महिना लग्नांचा. पाळ्या एप्रिलमध्येच बदलून घ्या.

दर रविवारी दहा मिनिटं बसा. "झालं का?" विचारलं की लोक "होतंय" म्हणतात. "कुठं अडलंय?" विचारा, म्हणजे जारचं झाकण हरवल्यापासून सगळं बाहेर येतं. सलग दोन पाळ्या चुकवणाऱ्याला चारचौघांत बोलू नका. चहाला न्या, काम हलकं करून द्या. पाणी नाही जमत तर वही सांभाळेल: कोणतं झाड वाळलं, कोणाच्या पाळीत.