फार्मा पाठ होत नाही? आधी एकटं लॅसिक्स नीट समजून घ्या

नर्सिंगला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, आला की अर्धा वर्ग रंगीत पेनं घेऊन तक्ते करायला बसतो, औषधाचं नाव, डोस, साईड इफेक्ट, आणि कुठलंही औषध घ्या, पुढे लिहिलेलं तेच, मळमळ उलटी चक्कर डोकेदुखी. मी पण हेच केलंय. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) मॅडमनी विचारलं लॅसिक्सचे, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाचे, साईड इफेक्ट सांग, मी नॉशिया व्हॉमिटिंग म्हणून मोकळी झाले, तर म्हणाल्या, "अगं पेशंटचं पोटॅशियम चाललंय लघवीतून आणि तू उलटी काय सांगतेस?"

तेव्हा कुठं टाळक्यात शिरलं की साईड इफेक्ट हा वेगळा धडा नाहीच. बहुतेक वेळा ते औषधाचं तेच काम असतं, फक्त जरा जास्त झालेलं किंवा नको त्या जागी झालेलं. म्हणून आधी औषध शरीरात कुठं आणि काय करतं ते बघायचं.

लॅसिक्सच घ्या, म्हणजे फ्युरोसेमाईड. किडनीत लघवी तयार होते त्या नळीचा एक वळणदार भाग, हेन्लेचा लूप, असतो, तिथं सोडियम आणि क्लोराईड परत रक्तात ओढून घेतलं जातं, हे औषध ते ओढणंच बंद करतं. मीठ लघवीत राहिलं की त्याच्या मागोमाग पाणी जातं, पोटॅशियमही जातं, पायाची सूज उतरते, फुफ्फुसातलं पाणी कमी होऊन दम कमी लागतो. आता पुढचं पुस्तक न बघता काढा. पाणी गेलं म्हणजे बीपी उतरणार, पेशंट झटकन उठला की डोळ्यापुढे अंधारी. पोटॅशियम गेलं म्हणजे पाय गळल्यासारखे, गोळे येणार, हृदयाचे ठोके चुकणार. नर्सिंगचं काम पण यातूनच निघतं: रोज एकाच वेळी वजन, इनटेक आउटपुट (किती पाणी पोटात गेलं, किती लघवी झाली), डोस द्यायच्या आधी बीपी, पोटॅशियमचा रिपोर्ट. आणि दुसरा डोस असेल तर दुपारी, रात्री दिला तर आजोबा रात्रभर बाथरूमच्या वाऱ्या करणार आणि अंधारात पडणार. आयव्ही, म्हणजे शिरेतून, देताना सावकाश द्या, मोठा डोस असेल तर मिनिटाला ४ मिलिग्रॅमच्या वर नाही, कारण आतल्या कानातही तशीच यंत्रणा असते, घाई केली तर कानात आवाज येतात, ऐकू कमी येतं.

याच पेशंटला डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) चालू असेल तर जास्तच जपा, पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन लवकर चढतं, म्हणजे नेहमीचा डोसही विषारी ठरू शकतो. गोळी द्यायच्या आधी स्टेथो छातीवर लावून पूर्ण १ मिनिट ठोके मोजा (१५ सेकंद मोजून चारने गुणणारे इथं फसतात), मोठ्या माणसात ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. जेवण नको म्हणतोय, सगळं पिवळट दिसतंय म्हणतोय, तरी कळवाच.

आता दम्याचं सालब्युटामॉल. श्वासनळीतले बीटा २ रिसेप्टर (पेशीवरची बटणंच म्हणा) चालू करून नळ्या मोकळ्या करतं, पण तेच रिसेप्टर हातापायाच्या स्नायूत आणि हृदयात पण आहेत, म्हणून नेब्युलायझर झाल्यावर हात थरथरतात, धडधडतं. बीटा ब्लॉकर याच्या बरोब्बर उलटे, म्हणून दम्याच्या पेशंटला प्रोप्रॅनोलॉल दिलं तर नळ्या आवळतात. नावाच्या शेपटावरून ग्रुप ओळखता येतो, ओलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, प्रिल म्हणजे एसीई इनहिबिटर (बीपीचं औषध), त्याने कोरडा खोकला येऊ शकतो, प्राझोल ॲसिडिटीचे. पण नुसतं शेवटी ऑल दिसलं म्हणून बीटा ब्लॉकर लिहू नका, पॅरासिटामॉल पण ऑलच आहे!

काही गोष्टी मात्र या हिशोबात बसत नाहीत, त्या पाठच करा. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी लाल होते, हे पेशंटला आधीच सांगायचं, नाहीतर रक्त जातंय समजून तो टीबीची गोळीच सोडतो. पेनिसिलिनची ॲलर्जी डोस बघून येत नाही, म्हणून आधी विचारायचंच, आणि अंगावर गांधी उठून श्वास अडकायला लागला तर ॲड्रेनालिन, मोठ्या माणसाला मांडीत आयएम (स्नायूत) ०.५ मिलिग्रॅम. पोटॅशियम क्लोराईडचा अँप्युल थेट शिरेत कधीच नाही, कुणीही कितीही घाई करू दे, हृदय बंद पडतं.

आणि इन्सुलिन. आपल्याकडे एका एमएलमध्ये ४० युनिट असलेली व्हायल (औषधाची बाटली) पण मिळते आणि १०० ची पण, ४० ला लाल टोपणाची सिरिंज, १०० ला केशरी. समजा १०० ची व्हायल आहे आणि हाताला लाल टोपणाची सिरिंज लागली, तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलं, तर ते झालं अर्धा एमएल, म्हणजे २० च्या जागी ५० युनिट गेले. थोड्या वेळात पेशंट घामाने चिंब, हात थरथरतायत, असंबद्ध बोलतोय, शुगर पार खाली. त्यामुळे व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून वाचा, आणि मग दुसऱ्या सिस्टरला पण वाचायला लावा.